सेकंडहँड एएमटी घेतली, पाचव्या दिवशी माजिवड्याला गिअर सुटला. अ‍ॅक्च्युएटर खरंच गेलाय का?

सायली_कासारवडवली (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आता गळ्याशी आलं म्हणून लिहितेय.

२०१७ ची एएमटी (क्लच पेडल नाही, गिअर आपोआप बदलतात) हॅचबॅक घेतली, ४ लाख ३५ हजारांना, तुर्भ्याच्या बाजूच्या एका यार्डातून. गाडीच्या कंपनीचं आणि यार्डाचं नाव मुद्दाम देत नाही, अजून बोलणी चालू आहेत. ताबा घेताना मीटर ५८,२१४ होता, डिलिव्हरी नोटवर लिहून घेतलाय. रोजचा प्रवास कासारवडवली ते रबाळे एमआयडीसी. डावा गुडघा बोलायला लागला म्हणून क्लचला रामराम ठोकला, त्यातून हे सगळं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी येताना माजिवड्याच्या पुलाखाली. पाऊस, वायपर, एसी, दिवे सगळं चालू. पुढची रिक्षा हलली, मी ब्रेक सोडला, गाडी जागच्या जागी. डॅशबोर्डवर १ च्या जागी एन, तोही लुकलुकतोय, आणि बारीक टीं टीं टीं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर नुसतं इंजिन ओरडतंय. मागच्या बसच्या ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. गाडी बंद केली, दहापर्यंत मोजलं, चालू केली, ब्रेक दाबून डी टाकला. निघाली! जणू काही झालंच नाही.

त्यानंतर तीनदा. एकदा विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली, दोनदा सोसायटीच्या रॅम्पवर.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅन केलं. पी-०७०० कोड, "अ‍ॅक्च्युएटर असेंब्ली (क्लच-गिअर हलवणारं यंत्र) बदलावी लागेल", ८६ हजार अधिक मजुरी. वागळेतला एक गॅरेजवाला म्हणाला गिअरबॉक्सच उतरवावा लागेल. यार्डवाल्याने सहा महिन्यांची वॉरंटी दिली होती, "इंजिन आणि गिअरबॉक्स" अशी. आता म्हणतो अ‍ॅक्च्युएटर हा इलेक्ट्रॉनिक पार्ट, तो गिअरबॉक्समध्ये धरत नाहीत.

मी कुणालाही गाडीला हात लावू दिलेला नाही. काय करू?

नेरूळचा_नाना (सोमवार, रात्री १०:३१)

म्हणून आम्ही सांगत होतो, काठी आपल्या हातात असलेली बरी. माझी १४ वर्षं जुनी मॅन्युअल, क्लचप्लेट दोनदा बदलली, बास. (हलकं घ्या. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं.)

ऐरोली_नाका (सोमवार, रात्री १०:४८)

नाना, गुडघा गेलेल्याला क्लचचे गुणगान म्हणजे मधुमेह्याला बासुंदी.

सायलीताई, बॅटरी तपासली का? एएमटीचे अर्धे नखरे कमी व्होल्टेजचे असतात.

सायली_कासारवडवली (सोमवार, रात्री १०:५५)

बॅटरी कोरी आहे. यार्डवाल्याने डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी नवीन टाकून दिली, बिलही दिलं. म्हणून वर्कशॉपवालेही बॅटरीवर टिक मारून पुढे गेले.

वागळे_१६नंबर (सोमवार, रात्री ११:४०)

मी ऑटो इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक नाही, रोड नंबर १६ वर बावीस वर्षं. दुकानाचं नाव विचारू नका, इथे धंदा करायला येत नाही.

आधी एक समजून घ्या. तुमच्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाहीच. आहे तो साधा मॅन्युअल बॉक्स, तीच क्लचप्लेट, तेच शाफ्ट. फक्त डावा पाय आणि डावा हात जे करायचे ते करायला वर एक यंत्र बसवलंय. त्या यंत्राचे भाग: छोटा इलेक्ट्रिक पंप, तेलाची टाकी, दाब साठवून ठेवणारा गॅसचा डबा म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर, तेल कुठे सोडायचं ते ठरवणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आणि क्लच कुठे आहे, गिअर कुठे आहे हे सांगणारे सेन्सर. या सगळ्यांचा मुकादम टीसीएम नावाची कॉम्प्युटरची डबी. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की बॉनेटमधून "घुर्रर्र" येतं ना? तो पंप दाब भरतोय. चाळीस-पन्नास बारचा दाब असतो, गंमत नाही.

आता मुकादमाला एक सवय आहे. काहीही शंका आली, सेन्सरचं म्हणणं पटलं नाही, व्होल्टेज खाली गेलं, की तो गिअर सोडून न्यूट्रलमध्ये जातो आणि घंटी वाजवतो. कारण अर्धवट क्लचवर गाडी ओढण्यापेक्षा थांबलेली बरी, अशी त्याची शिकवण. म्हणजे न्यूट्रल पडला याचा अर्थ "अ‍ॅक्च्युएटर मेला" नव्हे. मुकादमाचा कुणावर तरी विश्वास उडालाय, एवढाच. कुणावर ते शोधायचं.

आणि पी-०७००! हा कोड म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने लावलेली चिठ्ठी: "टीसीएमची तक्रार आहे, त्याच्याकडे जाऊन विचारा." चिठ्ठी वाचून ८६ हजारांचं एस्टिमेट देणाऱ्याला साष्टांग नमस्कार. टीसीएमच्या आतला कोड काढला का त्यांनी?

बंद करून परत सुरू केल्यावर लगेच सरळ चालते, आणि पावसात सगळं चालू असताना बिघडते. मेलेला पार्ट असा वागत नाही. कनेक्शन असं वागतं.

कळवा_खाडी (मंगळवार, सकाळी ७:२०)

वाचनखूण साठवली. वागळेभाऊ, तुम्ही एक स्वतंत्र धागा काढा राव.

पामबीच_रात्री_११ (मंगळवार, सकाळी ९:०५)

माझी गोष्ट वेगळ्या जातीची. माझी ड्युअल क्लच, कोरड्या क्लचची, सात गिअर. सेकंडहँड घेतली तेव्हा पामबीचवर रात्री टेस्ट ड्राइव्ह दिली विक्रेत्याने. रस्ता मोकळा, गाडी लोण्यासारखी. मग पहिल्याच सोमवारी घोडबंदर. एका तासात डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा. रिव्हर्स गायब, नंतर २-४-६ पण गायब, फक्त विषम गिअर राहिले.

नंतर कळलं की या बॉक्समध्ये दोन क्लच, एक विषम गिअरांचा, एक सम आणि रिव्हर्सचा. एका बाजूचा दाब गेला की निम्मे गिअर जातात. दाब, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर हे सगळं एकाच पेटीत, तिला मेकॅट्रॉनिक म्हणतात. तेलात बुडालेला क्लच निदान तेलाने थंड होतो, कोरड्याला हवेशिवाय कुणी नाही. आणि घोडबंदरला हवा कुठली, सगळा डंपरचा धूर.

तर टेस्ट ड्राइव्ह घ्यायची ती संध्याकाळी सातला, कापूरबावडी ते मानपाडा, इंचाइंचाने. पंधरा मिनिटांत गाडी सगळं कबूल करते.

नेरूळचा_नाना (मंगळवार, सकाळी ९:२२)

हे मात्र मान्य. लग्नाआधी मुलगा ट्रॅफिकमध्ये गाडी चालवताना बघावा, असं आमची आई म्हणायची. गाडी नव्हती तेव्हा आमच्याकडे, तरी म्हणायची.

ऐरोली_नाका (मंगळवार, सकाळी ११:१०)

ताई, एक काम करा. दोन प्रकारचे ब्लूटूथ स्कॅनर मिळतात, स्वस्तातला घ्या, हजाराच्या आत येतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनरने विचारायची मानक सोय) सक्तीचं आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत असणारच. मोबाइलवर कुठलंही फुकट अ‍ॅप. टीसीएमच्या आत तो स्वस्त स्कॅनर बहुतेक शिरणार नाही, पण इंजिनकडून दोन गोष्टी विचारता येतात ज्या कुणी विचारत नाही:

एक, "कोड पुसल्यापासून कापलेलं अंतर". हा ठरलेला मानक आकडा आहे, अ‍ॅपच्या यादीत शोधावा लागतो.

दोन, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या तपासण्या. कोड पुसले की हे सगळे "अपूर्ण" होतात आणि गाडी काही दिवस चालल्यावर एकेक पूर्ण होतात. तुमचे आता झाले असतील, पण गाडी घेण्याआधी बघितले असते तर उपयोग होता. सेकंडहँड गाडी बघायला जाल आणि सगळे मॉनिटर अपूर्ण दिसले, तर मालकाला विचारायचं, दादा, आज सकाळी काय पुसलंत?

सायली_कासारवडवली (बुधवार, रात्री ९:३०)

स्कॅनर आला. कोड दोन: पी-०७०० आणि यू-०१०१.

आणि ऐरोली, तुम्ही म्हणालात तो आकडा मिळाला. कोड पुसल्यापासून अंतर: ४१२ किमी.

मीटर आत्ता ५८,६२३. मी घेतल्यापासून ४०९.

मी गाडीत बसूनच तीनदा वजाबाकी केली.

कळवा_खाडी (बुधवार, रात्री ९:३४)

३ किमी!!! म्हणजे यार्डातून पेट्रोल पंपावर जाऊन परत.

पामबीच_रात्री_११ (बुधवार, रात्री ९:४१)

अंगावर काटा आला. शेरलॉक होम्सताई.

ऐरोली_नाका (बुधवार, रात्री ९:५०)

थांबा, फटाके फोडू नका. त्याच सकाळी बॅटरी बदलली म्हणतायत ना? बॅटरी काढल्यावर काही गाड्यांची ही मेमरी शून्य होते. यार्डवाला हेच सांगेल आणि ते खरंही असू शकतं.

वागळे_१६नंबर (बुधवार, रात्री ११:१५)

ऐरोलीकर बरोबर. काही गाड्यांत पुसलं जातं, काहींत जात नाही. पैज लावायची नाही, करून बघायचं. बॅटरी काढायच्या आधी आणि परत जोडल्यावर तो आकडा बघा.

यू-०१०१ म्हणजे इंजिन म्हणतंय, टीसीएमचा आवाजच येईना. सेन्सर खराब असेल तर मुकादम तक्रार करतो. इथे मुकादम स्वतः मधेच झोपतोय. का झोपेल? जेवण मिळत नाही म्हणून. प्लस तरी तुटतोय नाहीतर अर्थिंग. आणि बॅटरी नवीन टाकली म्हणजे बॅटरीचा ट्रे हलला. त्या ट्रेच्या खालीच बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सला जाणारी अर्थची पट्टी असते. सेल्फ मारताना जड वाटतो का सकाळी?

मल्टिमीटर घ्या. डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सुई बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर. क्लॅम्पवर नाही, खुंटावरच. लाल सुई गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर, थोडं खरवडून. कुणाला तरी ब्रेक दाबून, एनमध्ये सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. आदर्श म्हणजे शून्याच्या जवळ. सेल्फ मारताना ०.२-०.३ पर्यंत मी सोडून देतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की पट्टी उघडायची.

बॉनेटमध्ये ओढणी, बांगड्या, मोकळे केस नकोत. पंखा आपोआप फिरतो. प्लसला पान्याचा स्पर्श करायचा नाही.

सीवूड्स_पहाटे (गुरुवार, सकाळी ६:१५)

कनेक्शनवरून आठवलं. माझ्याकडे होती एक जुनी जर्मन सेडान, पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बॉक्स. अचानक तिसऱ्या-दुसऱ्यात अडकून बसायची. लिंप मोड. तीन गॅरेज फिरलो, एकाने "गिअरबॉक्स ओव्हरहॉल, सव्वा लाख" सांगितलं.

शेवटी पनवेलच्या एका म्हाताऱ्या कारागिराने प्रवासी बाजूचा पायपुसण्याएवढा गालिचा उचलला, टीसीएमचा प्लग काढला आणि पांढरं फडकं लावलं. फडक्यावर लालसर तेलाचा डाग. टीसीएम इंजिनाजवळ नाही, तेलाशी त्याचा संबंध नाही, मग तेल कुठून? गिअरबॉक्सवर जो गोल प्लग आहे त्याच्या रबरी रिंगा म्हाताऱ्या झालेल्या. तिथून तेल वायरीच्या आत शिरलं आणि समईच्या वातीत चढतं तसं मीटरभर वर चढून कॉम्प्युटरपर्यंत गेलं. प्लगची बुशिंग बदलली, वायर धुतली, प्लग स्वच्छ केला. चार आकडी बिल झालं. गाडी अजून दोन वर्षं चालली, मग मीच विकली.

त्या बाबांनी स्कॅनर लावलाच नव्हता, नुसता वास घेतला प्लगचा.

खारघरवाली (गुरुवार, सकाळी १०:४०)

मी वकिली करते, फुकटचा सल्ला घ्या. तांत्रिक बाजू चालू द्या, कागदाची बाजू समांतर चालवा.

१. यार्डवाला डीलर असेल तर त्याच्याकडे आरटीओचं प्राधिकरण प्रमाणपत्र हवं. २२ डिसेंबर २०२२ ला केंद्राने त्यासाठी मोटार वाहन नियमांत बदल केला, १ एप्रिल २०२३ पासून लागू. अधिकृत डीलरकडे गाडी सुपूर्द झाल्यापासून तो तिचा मानीव मालक धरला जातो. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. नुसतं विचारलं तरी आवाज बदलतो.

२. डीलरकडून घेतली म्हणून तुम्ही ग्राहक. शेजाऱ्याकडून घेतली असती तर ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होता. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुमचे ४.३५ लाख, म्हणजे बसतंय. तोवर १९१५ वर नोंद करून ठेवा.

३. "अ‍ॅक्च्युएटर गिअरबॉक्समध्ये येत नाही" हे त्यांच्याकडून लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. तोंडी कितीही हुशार बोललेला माणूस लिहायची वेळ आली की दोन दिवस विचार करतो.

४. स्कॅनरचे स्क्रीनशॉट घ्या. मीटर आणि आकडा एकाच फोटोत येऊ द्या.

नेरूळचा_नाना (गुरुवार, सकाळी ११:०२)

म्हणजे सेकंडहँड गाडीसोबत आता स्कॅनर, मल्टिमीटर आणि वकील घ्यायचा. पगारातून काही उरलं तर पेट्रोल.

व्यवस्थापक (गुरुवार, दुपारी १:००)

यार्डाचं नाव विचारणारे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्तीने नाव द्यायचं नाही असं स्पष्ट लिहिलं आहे, अंदाज बांधू नका.

सायली_कासारवडवली (शनिवार, दुपारी ४:२५)

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑपरेशन. सोबत चौथ्या मजल्यावरचे काका, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. मल्टिमीटर बघून त्यांचे डोळे असे चमकले की नातवंडं आली अमेरिकेहून. मी सुया धरल्या, काका ड्रायव्हर सीटवर. "मारू का?" "मारा काका."

१.९ व्होल्ट.

काका बाहेर आले, चष्मा वर केला, म्हणाले परत मार. (आता ते मला मारायला सांगत होते, स्वतः सुया धरून.) १.८. काका म्हणाले, "अगं, आमच्याकडे एवढं पडलं असतं तर गाड्या उभ्या राहिल्या असत्या."

आधी स्कॅनर लावून आकडा बघितला, वागळेभाऊ बुधवारी "करून बघायचं" म्हणाले होते ना, त्याची तयारी. अंतर ४७४. फोटो. मग मायनस काढला, बॅटरी काढली, ट्रे काढला. ट्रेचे चार बोल्ट, त्यातला एक नव्हताच. खाली गिअरबॉक्सवर विणलेली तांब्याची चपटी पट्टी, तिच्या टोकाला हिरवट भुकटी, देवघरातल्या न घासलेल्या ताम्हनासारखी. मी पाना लावायला गेले आणि बोल्ट बोटाने फिरला. पान्याची गरजच लागली नाही. वॉशरच्या खाली गंज, आणि गंजावर नुसतं टेकवलेलं.

काकांनी सँडपेपरने दोन्ही बाजू चमकवल्या, पट्टीचं टोक लिंबू-मिठाने धुतलं (हा त्यांचा हट्ट, मग पाण्याने धुवून हेअर ड्रायरने सुकवलं), बोल्ट घट्ट, वर व्हॅसलिन. चाळीस मिनिटं बॅटरी सुटलेली होती.

परत जोडलं. सेल्फ: ०.११. सेल्फचा आवाजच बदलला, सकाळचा जो आळस होता तो गेला.

आणि आता ऐकाच. स्कॅनर लावला. कोड पुसल्यापासूनचं अंतर: ४७४. दोन्ही कोड जागच्या जागी. बॅटरी चाळीस मिनिटं काढूनही काही पुसलं गेलं नाही.

कळवा_खाडी (शनिवार, दुपारी ४:३१)

भावांनो, केस क्लोज. बॅटरीने नाही पुसलं. माणसाने पुसलं.

ऐरोली_नाका (शनिवार, दुपारी ४:४०)

माझा मुद्दा मी मागे घेतो. स्कॅनर लावल्याशिवाय हे झालेलं नाही.

तरी एक म्हणतो. डिलिव्हरीआधी सगळ्या गाड्यांचे कोड सरसकट पुसायची कित्येक यार्डांत पद्धतच आहे, काय आहे ते न वाचता. म्हणजे त्याला बिघाड माहीत होता हे यातून सिद्ध होत नाही. पुसलं हे सिद्ध होतं.

खारघरवाली (शनिवार, दुपारी ५:०५)

न वाचता पुसणं हाही निष्काळजीपणाच. पण हो, फसवणूक आणि निष्काळजीपणा यांत अंतर आहे, तक्रार लिहिताना शब्द जपून.

वागळे_१६नंबर (शनिवार, रात्री १०:२०)

ताई, शाब्बास. काकांना माझा नमस्कार सांगा, लिंबू-मीठ मी पण करायचो, आता स्प्रे मिळतो.

बॅटरी बदलणाऱ्या पोराने ट्रे काढला असेल, बोल्ट हाताने लावून "नंतर घट्ट करतो" म्हणाला असेल. मग जेवायला गेला. मी हे शंभर वेळा बघितलंय. गंज जुना आहे, म्हणजे त्रास आधीपासून थोडा असणारच, म्हणूनच कोड होते आणि पुसले गेले. सैल बोल्टने त्यात भर घातली.

पण अजून नाचू नका. एवढे दिवस सैल अर्थिंगवर पंप चालला असेल तर त्याने मार खाल्लाय. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, इग्निशन ऑन, कशाला हात लावू नका. पंप थांबल्यावर किती वेळाने परत आपोआप घुरघुरतो ते मोजा. चांगला अ‍ॅक्युम्युलेटर दाब धरून ठेवतो. गॅस गेलेला असेल तर पंपाला सारखं उठावं लागतं.

क्लचची प्लेट किंवा अ‍ॅक्च्युएटरला कुणी हात लावला तर नंतर स्कॅनरने लर्निंग करून घ्यायचंच, क्लच नेमका कुठे पकडतो ते मुकादमाला नव्याने शिकवावं लागतं. ते न करता गाडी दिली तर झटके मारेल आणि तुम्ही परत त्याच दारात.

पामबीच_रात्री_११ (रविवार, सकाळी ११:३०)

माझ्या गाडीचं कुणी विचारत नाहीये, पण सांगतोच. मेकॅट्रॉनिक बदलला, खिसा रिकामा झाला. अर्थिंग मी कधीच तपासलं नव्हतं. आता वाचून पोटात कालवाकालव होतेय, पण जुना भाग परत मागितला नाही, त्यामुळे कधीच कळणार नाही.

गायमुखच्या चढाला मात्र आता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवत नाही. ब्रेक दाबून उभा राहतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

उरण_फाटा (रविवार, दुपारी १२:१५)

सीव्हीटीवाले (पट्टा-पुलीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कुणी आहे का? मला मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्स ऑइल बदलायचं कुठेच सापडत नाही, सर्व्हिसवाले "लाइफटाइम" म्हणतात. ७२ हजार किमी झाले.

वागळे_१६नंबर (रविवार, दुपारी २:००)

लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ ते विचारा त्यांना. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ७२ हजार म्हणजे पुरेसं झालं, बदला. फक्त कंपनीने सांगितलेलंच सीव्हीटी ऑइल, "सगळ्याला चालतं" वालं नाही. पट्टा आणि पुलीची पकड त्या तेलावर अवलंबून असते. वेगळा धागा काढा, इथे अवांतर होतंय.

सायली_कासारवडवली (पुढचा रविवार, रात्री ८:५०)

उशीर झाला, माफ करा.

अर्थिंग नीट केल्यापासून २९६ किमी. एकदाही एन पडला नाही. बुधवारी तर विटाव्याला चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं, मी वाटेत तीन वेळा देवाचं नाव घेतलं, गाडीने काही नाही केलं.

वागळेभाऊंनी सांगितलेलं पंपाचं मोजलं. पहिल्यांदा ३८ सेकंद, मग ३५, मग ३७. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंकडे तशीच गाडी आहे, दोन वर्षं नवी, तिचा पंप मी पाच मिनिटं बसून राहिले तरी उठला नाही. म्हणजे माझा अ‍ॅक्युम्युलेटर म्हातारा झालाय. तो वेगळा मिळतो, अख्खी असेंब्ली घ्यावी लागत नाही. नवी मुंबईतल्या एकाने बसवून, तेल घालून, लर्निंगसकट १३ हजार सांगितलेत. जुना भाग परत द्यायचा हे आधीच ठरवून घेतलंय, पामबीचकरांकडून शिकले.

यार्डवाला. खारघरवालीताईंच्या सांगण्याप्रमाणे प्रमाणपत्राची प्रत मागितली आणि ४१२-४०९ चा फोटो पाठवला. पहिले दोन दिवस दोन निळ्या टिका, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, आमच्या पोराने सर्व्हिसिंग करताना रिसेट मारलं असेल, त्याला काय कळतंय." मी म्हटलं, बोल्ट पण त्यानेच लावला असेल. गप्प. शेवटी अ‍ॅक्युम्युलेटरचे ७ हजार देतो म्हणालाय, लेखी दिलंय, पैसे अजून यायचेत. प्रमाणपत्राची प्रत अजून आलेली नाही.

खारघरवाली (पुढचा रविवार, रात्री ९:१५)

प्रत नाही आली ना? तीच धरून ठेवा. ७ हजार घेताना "संपूर्ण व अंतिम तडजोड" असं कशावरही सही करू नका.

नेरूळचा_नाना (पुढचा रविवार, रात्री ९:२०)

सायली, एक विचारायचं होतं. माझी मॅन्युअल पण हल्ली सकाळी सेल्फ जड मारते. ती तपासणी मॅन्युअलला पण चालते का?

वागळे_१६नंबर (पुढचा रविवार, रात्री ९:४४)

चालते नाना. काठी हातात धरून बसा आणि कुणाला तरी सुया धरायला सांगा.

नेरूळचा_नाना (पुढचा रविवार, रात्री ९:४६)

मल्टिमीटर केवढ्याला मिळाला?

सायली_कासारवडवली (पुढचा रविवार, रात्री ९:५१)

३५० ला. पण तो आता काकांकडे आहे, सोसायटीच्या लिफ्टचं अर्थिंग तपासतायत. परत मिळेलसं वाटत नाही.